दोन मिनिटं मागे

खोली दाखवता दाखवता काका म्हणाले, "आम्ही या गावात आलो तेव्हा इथे धड रस्ता नव्हता. पाठीवर घड्याळं बांधून आम्ही दारोदार हिंडायचो."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सावळा रंग, पांढरीशुभ्र मिशी, स्वेटरवर स्वेटर आणि जुन्या शाळामास्तरासारखी स्वच्छ मराठी. खोलीची माहिती मला मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाली होती. "वसईचे ख्रिश्चन गृहस्थ, वय झालंय, एकटे, घर स्वच्छ, नॉटिंगहॅमपासून ट्रेनने पंचवीस मिनिटं." वसईची माणसं पाठीवर घड्याळं बांधून इंग्लंडात कधी आली होती, हे मला काही केल्या कळेना. मी नागपूरची. वसई म्हटलं की केळी आणि किल्ला, यापलीकडे माझी मजल नव्हती. मी शहाण्यासारखी मान हलवली आणि खोली घेतली.

दोन आठवड्यांनी उलगडा झाला की हे "आम्ही" म्हणजे जर्मन.

काका जर्मन नव्हते. काकू जर्मन नव्हत्या. जर्मनीत काकांनी उभ्या जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. पण गावातलं छोटं कॅथलिक चर्च जर्मनांनी बांधलेलं, आणि काका त्या चर्चचे, म्हणून जर्मन काकांचे. इतकं सरळ होतं ते. पंचाईत एवढीच की वसईकरही "आम्ही"च असत, ज्या होजियरीच्या कारखान्यात काकांनी तीस वर्षं फिटरचं काम केलं तिथले कामगारही "आम्ही", आणि टीव्हीवर क्रिकेट लागलं की कधी भारत "आम्ही", कधी इंग्लंड. एका जेवणात हा माणूस तीनदा देश बदलायचा. "लढाईत आम्हाला पकडून बेटावर नेऊन ठेवलं," हे वाक्य ऐकून एकदा माझा आमटीचा डाव हातातच राहिला. तेव्हा ते पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं कैदेत टाकलेल्या इथल्या जर्मनांबद्दल बोलत होते, आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

तर हे जर्मन. ब्लॅक फॉरेस्ट म्हणजे मला आजवर केक माहीत होता. काकांच्या तोंडून कळलं की तो खराखुरा मुलूख आहे, आणि तिथली कॅथलिक माणसं लाकडी चाकांची घड्याळं बनवून देशोदेशी विकत फिरायची. त्यातली काही कुटुंबं या गावात येऊन राहिली. जवळपास कॅथलिक चर्च नव्हतं. घड्याळाच्या कारखान्याच्या माळ्यावर महिन्यातून एकदा मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, व्हायची, लाकडाचा भुसा झाडून, आणि पाद्री घोडागाडीतून यायचा. मग त्यांनी चर्च बांधलं, आणि बांधलं तसं त्यात आपल्या हातांनी बनवलेलं एक घड्याळ बसवलं. गायकांच्या सज्जाकडे जाणाऱ्या जिन्याशी ते अजून आहे. पुरुषभर उंच, दोन वजनं आणि एक लांब लंबक. काका पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या मंडळींना मिळून, "धर्मग्राम" म्हणत, तो वसईकडचा शब्द. म्हणायचे, "धर्मग्राम म्हणजे काय विचारशील तर ते घड्याळ. ते चालू तोवर आम्ही चालू."

त्या घड्याळाला दर शनिवारी सकाळी किल्ली द्यायची. देणाऱ्यानं बाजूच्या खुंटीला टांगलेल्या वहीत तारीख लिहायची, आपलं नाव लिहायचं, आणि घड्याळ किती मिनिटं मागे किंवा पुढे होतं ते लिहायचं. खाली एक ओळ कोरी सोडायची. खाडाखोड करायची नाही. लिहिण्यात काही चूक झाली असेल तर ज्याची चूक त्यानंच, त्याच हातानं, त्या कोऱ्या ओळीत दुरुस्ती लिहायची. दुसऱ्या कुणी त्या ओळीला हात लावायचा नाही. पिढ्यान्पिढ्या वह्या भरत गेल्या आणि अर्धी पानं कोरीच राहिली.

"इतके काटकसरी लोक, आणि अर्धा कागद वाया घालवायचे?" मी एकदा म्हटलं.

"वाया कसा? चुकणाऱ्याला जागा नको?" काका म्हणाले, जणू मी काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

घरात अकरा घड्याळं होती. एकही चालू नव्हतं. वेळ बघायची झाली की काका कोट चढवून चर्चमध्ये जाऊन यायचे, आणि येऊन मला सांगायचे, "पावणेपाच झालेत." तोवर पाच वाजून गेलेले असायचे. मोबाइल होता, पण तो गावच्या काउन्सिलचे फोन घेण्यासाठी, वेळेसाठी नाही. शुक्रवारी मांस नाही, रविवारी झोप नाही, आणि कुणी पाच मिनिटं उशिरा आलं तर त्याच्याशी पहिली पाच मिनिटं बोलायचं नाही, म्हणजे फिटंफाट. मीही त्या पाच मिनिटांत कितीदा स्वयंपाकघरात ताटकळत उभी राहिलेय. घड्याळाची किल्ली त्यांच्याकडे आली ती या वक्तशीरपणामुळेच. मूळ जर्मनांच्या वंशातली शेवटची म्हातारी एके काळी किल्ली द्यायची. गुडघे गेल्यावर तिनं चर्चभर नजर टाकली आणि वेळेवर येणारा एकमेव माणूस म्हणून वसईच्या या फिटरच्या हातात किल्ली ठेवली. काका हे सांगताना खुर्चीत ताठ बसत.

काकूंना मी पाहिलं नाही. मी राहायला आले त्याच्या सहा वर्षं आधी त्या गेल्या. त्यांच्याबद्दल मला दोनच गोष्टी कळल्या. त्या नर्स होत्या, आणि त्यांना काकांचे जर्मन अजिबात आवडत नसत. "तुमचे जर्मन बाहेर ठेवा, चपलांजवळ," असं म्हणायच्या म्हणे. काका एवढं सांगून थांबत. काकूंचा विषय निघाला की हा बोलका माणूस एकदम भाजीचं मीठ बघायला उठायचा. मला ते चमत्कारिक वाटायचं. दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांसाठी डोळे भरून येतात आणि स्वतःच्या बायकोबद्दल दोन वाक्यं, हे काय गौडबंगाल?

काका अकरा वर्षं धर्मग्रामाचा इतिहास लिहीत होते. मिस्साच्या जुन्या पत्रकांच्या पाठीवर पेन्सिलीनं टिपणं, आणि टिपणं बिस्किटांच्या डब्यांत. डब्यांवर चिठ्ठ्या: "आम्ही येण्यापूर्वी", "आम्ही", "आमच्यावर दगडफेक", "संकीर्ण". त्यात वसईच्या रेशनकार्डाची झेरॉक्सही निघाली होती. ती कोणत्या डब्यात होती हे सांगायला नको.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे दर शुक्रवारी जेवण झाल्यावर इतिहास टाइप करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काका मराठीत सांगायचे आणि मी लॅपटॉपवर इंग्रजीत लिहायची. "इंग्रजीत सांगितलं की माझं मलाच खरं वाटत नाही," हे त्यांचं कारण.

"काका, मागच्या शुक्रवारी तीन कुटुंबं होती. आज पाच झाली."

"दोन मागाहून आली."

"पण पहिल्या चॅप्टरमध्ये तर ती चर्चचा पाया खणतायत!"

"मग तिथे त्यांना अजून येऊ देऊ नकोस."

असं चालायचं. एकदा पाद्री घोडागाडीतून यायचा, एकदा चालत. एकदा दगडफेकीत फुटलेल्या काचा सात, एकदा दुकानच जळालेलं. मी तक्रार केली की म्हणायचे, "लोकांनी जसं सांगितलं तसं मी सांगतो. मी होतो का तिथे?" आणि दुसऱ्याच वाक्याला "आम्ही तेव्हा काचेऐवजी फळ्या ठोकल्या." माझं डोकं गरगरायचं. फक्त एका बाबतीत काका कधी बदलले नाहीत. घड्याळाच्या वह्या. त्या खऱ्या. लढाईत पुरुषांना धरून नेलं तेव्हा बायका जिन्यावर चढल्या, जर्मन अक्षर सोडून इंग्रजीत सह्या करू लागल्या, बाहेर लोक दारावर थुंकत होते तरी शनिवार चुकला नाही. ते पान काकांनी मला दाखवलं. वळणदार, भेदरलेल्या सह्या, आणि प्रत्येकीखाली एक ओळ कोरी. मला तोवर या प्रकरणाची थट्टाच वाटत होती. ते पान मात्र मी दोनदा वाचलं.

त्याच सुमारास बिशपच्या कार्यालयाकडून पत्र आलं. माणसं कमी, पाद्री त्याहून कमी, तेव्हा हे चर्च बंद करून धर्मग्राम शेजारच्या मोठ्या गावात विलीन करावा का, याचा विचार चालू आहे. बिशप स्वतः येऊन पाहणार होते. पॅरिशच्या सेक्रेटरीबाई आमच्या घरी आल्या. निवृत्त झालेल्या, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या, आयरिश आजीआजोबांच्या नात. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्या सगळ्यांना लाडानं "डक" म्हणतात, बिशपलाही म्हणाल्या असतील.

"तुमची पुस्तिका छापून बिशपच्या हातात द्यायची, डक," त्या काकांना म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकही आठवडा खंड नाही, असं दुसऱ्या कुठल्या पॅरिशला म्हणता येईल? मी पत्रात तसं कळवूनही टाकलंय."

काकांनी त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली. "शेवटचं प्रकरण राहिलंय," म्हणाले.

ते राहिलंच. शुक्रवारमागून शुक्रवार गेले. सेक्रेटरीबाई फोन करायच्या आणि काका मला खुणेनं "घरी नाही म्हण" सांगायचे. मी लॅपटॉप उघडला की त्यांना केळ्यांच्या वाडीची आठवण यायची, नाहीतर कारखान्यातल्या मशीनची. ज्या चर्चसाठी हा माणूस जीव टाकतो ते बंद व्हायला आलंय, वाचवायचा एकच उपाय याच्या हातात आहे, आणि हा मला केळीला पाणी कसं द्यायचं ते सांगतोय. मला काही समजेना. शेवटी मीच ठरवलं, आपण वह्यांमधून यादी करू, शेवटचं प्रकरण आपोआप उभं राहील. काका दुपारी झोपले असताना, भरली म्हणून घरी आणून ठेवलेली शेवटची वही घेऊन बसले आणि एकेक शनिवार टाइप करू लागले.

तीन मिनिटं मागे. एक मिनिट पुढे. चार मागे. मग एका पानाच्या तळाशी चार ओळी सलग. दोन मिनिटं मागे, दोन मिनिटं मागे, दोन मिनिटं मागे, दोन मिनिटं मागे. मधल्या ओळी कोऱ्या नाहीत. शाई एक. सही काकांची.

टेस्टरला एकसारखा डेटा दिसला की हात शिवशिवतात. माझं चुकलं ते असं की मला ते गमतीचं वाटलं. संध्याकाळी चहा देताना मी हसत हसत म्हटलं, "काका, तुमचं घड्याळ चार आठवडे एकदम शिस्तीत होतं हां. आणि जर्मनांचा नियम मोडून कागद वाचवलात!"

काकांनी कप खाली ठेवला. कोट घातला आणि बाहेर गेले. त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी उशिरा आले नव्हते, तेव्हा पाच मिनिटांची शिक्षा नव्हती ही. मी खोलीत बसून, आपलं नेमकं काय चुकलं, याचा विचार करत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोर पोहे ठेवले आणि स्वतः उभेच राहिले.

"ती हॉस्पिटलात होती. नॉटिंगहॅमला," म्हणाले. "शेवटचे चार आठवडे. किल्ली माझ्या खिशात. सगळ्यांना वाटलं, हा देतोय. मी खुर्चीतून उठलोच नाही, बाय. शनिवार कधी यायचा नि जायचा तेच कळायचं नाही. मातीचं सगळं आटपल्यावर चर्चमध्ये गेलो तर घड्याळ बंद. किती दिवस, कोण जाणे. चार रविवार सगळी माणसं त्याच्याखालून गेली, एकानंही वर पाहिलं नाही. मी ते चालू केलं आणि पेन काढलं. पानावर चारच ओळी उरल्या होत्या. चारी भरून टाकल्या."

पोहे गार होत होते.

"फादरांना सांगितलं, त्यांनी क्षमा केली. पण वहीत आता कुठे लिहू? मी जागाच सोडली नाही."

"काका, कुणाला कळणारे?" मी म्हणाले. "फक्त चार आठवडे! तेही काकूंसाठी. लिहून टाका ना खंड नाही म्हणून. चर्च वाचेल."

"हो. वाचेल."

"मग?"

"आणि लढाईतल्या त्या बायकांच्या शेजारी माझं खोटं बसेल," काका म्हणाले. "मला काही कळत नाही, बाय. खरं लिहिलं तर चर्च जाईल माझ्यामुळे. खोटं लिहिलं तर… तू टेस्टर आहेस ना, तूच सांग."

इतके दिवस मला वाटत होतं, या घरात गोंधळलेली मी एकटीच आहे. त्या सकाळी त्यांच्याबद्दल मला फार माया वाटली, आणि थोडी चीडही आली, की एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय.

पुढच्याच आठवड्यात कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवताना काका बर्फावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा नॉटिंगहॅमचं हॉस्पिटल, या वेळी खाटेवर ते स्वतः. पहिल्याच दिवशी उशीखालून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. सेक्रेटरीबाई शेजारी होत्या. त्या जरा घुटमळल्या.

"ती कॅथलिक नाही, डक. तिची सही चालेल का?"

"नियमात लिहिलंय, जो किल्ली देईल तो सही करेल," काका म्हणाले. "धर्माचं आम्ही काही लिहिलेलं नाही." मग मला मराठीत म्हणाले, "आणि सही मराठीत कर. आम्हीसुद्धा आधी आमच्याच अक्षरात करायचो."

तर मी, नागपूरची, देवळातही सणासुदीलाच जाणारी, दर शनिवारी एका जर्मन चर्चच्या जिन्यावर चढून किल्ली देऊ लागले. चौदा फेरे एका वजनाला, चौदा दुसऱ्या. मोबाइलशी वेळ पडताळायची, वहीत लिहायचं, ओळ सोडायची. मग हॉस्पिटलात जाऊन काकांना सांगायचं. "किती?" "पाच मिनिटं मागे." "थंडी आहे. लाकूड आखडतं." बस, एवढंच. त्यांना छातीचा त्रास सुरू झाला होता आणि बोलताना धाप लागायची. बिशप यायला तीन आठवडे उरले होते आणि शेवटचं प्रकरण अजून कोरंच होतं.

मग तो शनिवार आला. लंडनमध्ये, हॅरोला, माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं बारसं होतं. शुक्रवारी ऑफिसातून थेट गेले. शनिवारी पाळणा, जेवण, जुन्या मैत्रिणी, कुणाचा व्हिसा, कुणाचं घर, नुसता कल्ला. रविवारी रेल्वेचं काम निघालेलं, म्हणून ट्रेनऐवजी बस, आणि ती बस सगळा देश हिंडत आली. सोमवारी ऑफिसात कुणीतरी "हाउ वॉज युअर सॅटरडे" म्हणालं आणि मला घड्याळ आठवलं.

अर्धी सुट्टी टाकून चर्चमध्ये पोचले. लंबक सरळ लोंबत होता. काटे चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी किल्ली दिली, वेळ लावली, लंबकाला हात दिला. टकटक सुरू झाली. मग वही उघडली. खरं सांगते, मी विचार असा केलाच नाही. हाताला जे सुचलं ते त्यानं लिहिलं. शनिवारची तारीख, माझं नाव, आणि पुढे: दोन मिनिटं मागे.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. काका उशीला टेकून बसले होते.

"दोन दिवस आली नाहीस."

"हॅरोला गेले होते, काका. बारसं होतं."

"शनिवारी किल्ली?"

"देऊनच निघाले." हे म्हणताना मी त्यांच्यासाठी आणलेली संत्री ट्रेवर मांडत होते.

"किती?"

"दोन मिनिटं मागे."

मी संत्र्यांवरून नजर वर केली तर ते माझ्याकडे बघत होते. रागानं नव्हे. जिन्यात आपल्याला कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं. मग म्हणाले, "लॅपटॉप आहे का तुझा?"

आणि ज्या प्रकरणासाठी महिनोन्महिने सगळे थांबले होते, ते त्यांनी तासाभरात सांगितलं. धाप लागली की थांबत, मग पुढे. काकूंचं आजारपण, चार शनिवार, बंद घड्याळ, चार खोट्या सह्या, कुणीही वर न पाहणं, सगळं. "आमचं" कुठेच नाही, पहिल्यांदाच सगळं "माझं". काकूंबद्दल त्यांनी मला दीड पान सांगितलं. मी टाइप करत होते आणि माझे डोळे वाहत होते. शेवटी काका म्हणाले, "आता लिही. त्यानंतर आजपर्यंत एकही शनिवार चुकलेला नाही."

मी लिहिलं.

"वाच ते परत."

मी वाचलं.

"बरोबर आहे ना?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "बरोबर आहे, काका," मी म्हणाले.

"मग राहू दे. आणि त्याच्याखाली चार बोटं जागा सोड."

"कशाला? फोटोसाठी?"

"असू दे," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

बिशप येण्याच्या चार दिवस आधी काका गेले. मातीच्या वेळी आमच्या चर्चच्या फादरांनी, ते केरळचे, प्रवचनाऐवजी ते शेवटचं प्रकरणच वाचून दाखवलं. चर्च भरलं होतं. चार आठवडे कुणी वर पाहिलं नाही, या वाक्याला माणसांनी माना खाली घातल्या. "त्यानंतर एकही शनिवार चुकलेला नाही," हे वाक्य आलं तेव्हा सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मायेनं. सेक्रेटरीबाईंनी माझा हात घट्ट धरला. "गॉड ब्लेस यू, डक," म्हणाल्या. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. तरी मी हसले, आणि तेच मला अजून आठवतं.

चर्च बंद झालं नाही. मिस्सा आता एक रविवार सोडून होते. बिशपनी हे पुस्तिका वाचून ठरवलं, का छप्पर मजबूत निघालं म्हणून, मला माहीत नाही. एक मात्र झालं. मातीच्या दुसऱ्याच दिवशी किल्लीसाठी पाळीची यादी लागली आणि जर्मनांच्या काळी असत तशी कुटुंबांची नावं त्यात आली. यादीत माझंही नाव होतं, मराठीत, सेक्रेटरीबाईंनी वहीतून हुबेहूब चित्र काढावं तसं काढलेलं.

छापील पुस्तिकेत ती चार बोटं जागा तशीच कोरी होती. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तिथे त्यांना कुठला फोटो हवा होता, कुणालाच ठाऊक नाही." मी त्या पानाकडे बघत उभी राहिले. छापखान्याची चूक वाटावी अशी ती पांढरी पट्टी. खाडाखोड करायची नाही, चुकणाऱ्याला जागा सोडायची, ज्याची चूक त्यानंच लिहायचं. आणि ज्याला स्वतःला जागा उरली नव्हती त्यानं ती माझ्यासाठी सोडली होती.

त्यांना कळलं होतं. मग तेव्हाच का नाही बोलले? कान धरला असता तर मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं असतं. की माझ्या थापेनंच त्यांना खरं बोलायचं बळ दिलं? की त्यांना मला वाचवायचं होतं? मग ते खोटं वाक्य त्यांनी, खोट्यानं इतकी वर्षं पोखरलेल्या माणसानं, स्वतःच्या पुस्तकात कसं राहू दिलं? मी खूप डोकं खाजवलं. अजून मला नीट लागत नाही.

कळल्यावरही मी दोन वर्षं काही केलं नाही, हेही सांगून टाकते. पाळीच्या शनिवारी वही उघडायची, तर ती ओळ आणि तिच्याखालची कोरी जागा दिसायची, आणि मी भरभर पान उलटायची. मग मँचेस्टरला नोकरी लागली आणि बरंच झालं असं वाटलं. पण तिथेही कुणी "दोन मिनिटं थांब" म्हणालं की काकांचा चेहरा समोर यायचा.

गेल्या शनिवारी गेले. सेक्रेटरीबाईंना फोन करून पाळी मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं नाही. वही खुंटीलाच होती, मागची पानं आता जरा पिवळी झालीत. ती ओळ शोधली. दोन वर्षांत तिच्याखालच्या कोऱ्या जागेला कुणी हात लावला नव्हता. मी लिहिलं, "वरची नोंद खोटी आहे. त्या शनिवारी मी हॅरोला होते. घड्याळ बंद पडलं होतं, सोमवारी दुपारी मी चालू केलं. काकांना खोटं सांगितलं." ओळ पुरेना म्हणून अक्षर बारीक करावं लागलं. खाली सही केली. इंग्रजीतही लिहायचं मनात होतं, पण जागा संपली. सेक्रेटरीबाई खाली चहा करत होत्या, त्यांना जाऊन तोंडीच सांगायचं ठरवलं.

मग चौदा आणि चौदा फेरे दिले. मोबाइलशी वेळ पडताळली. घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. तसं लिहिलं आणि खाली एक ओळ कोरी सोडली.